निमित्त

पुंता अरेनासमध्ये उन्हाळा आला
हे वाऱ्यावरून कळतं.
नगरपालिका चौकात दोर बांधते,
माणसं ते धरून रस्ता ओलांडतात,
आणि एराल्दो, जे पूर्वी मेंढ्या कातरायचे,
प्रयोगशाळेच्या छपरावर चढून फिल्टर बदलतात.

"चोवीस तासांची हवा," म्हणतात,
पुडी माझ्या हातात देताना,
लोकर तोलून द्यावी तशी.
फिल्टर कोरा. काही दिसत नाही.

मी तो पाण्यात खळबळते,
त्या पाण्याचे शहाण्णव थेंब
शहाण्णव खळग्यांत सोडते
आणि थंडी वाढवत नेते, मिनिटाला एक अंश.

शून्याला पाणी गोठतं, असं शाळेत शिकलो होतो.
उणे पाच. उणे अकरा. थेंब टक्क जागे.
ढगातला निव्वळ पाण्याचा थेंब
उणे अडतीसपर्यंत तग धरतो.
नुसत्या थंडीने तो बधत नाही,
त्याला निमित्त लागतं:
मातीचा कण, परागाचा तुकडा,
पानावरून उडालेला एखादा जिवाणू.
दुधाला विरजण लागतं, तसं.

उणे चौदाला, सातव्या ओळीत,
एक थेंब एकदम दुधी होतो.
कॅमेरा टिपतो. मी तेव्हा नेमकी किटली उतरवत असते.

तिकडे बर्गनमध्ये हेड्डा जगाचे चौकोन करते,
शंभर किलोमीटर लांब, शंभर रुंद.
आमच्या वाट्याला एक येतो.
त्यात सामुद्रधुनी, नांगरलेली जहाजं,
सरूच्या झाडांची दफनभूमी,
एराल्दोंचं पत्र्याचं घर, त्यांचा आंधळा कुत्रा,
आणि वरचे सगळे ढग.
एका थराला एक तापमान,
एक आकडा पाण्याचा, एक बर्फाचा.
आणि एक ओळ:
इतक्या अंशांखाली, समजा, गोठलं.
"समजा" कोडमध्ये लिहिलेलं नाही,
मला ते ऐकू येतं.

ती ओळ कुणाची, हेड्डालाही माहीत नाही.
तिच्या आधीच्याच्याही आधी कुणीतरी
उत्तरेच्या आकाशात विमान फिरवून
चार हिवाळे मापं घेतली
आणि रेघ ओढली, ती थेट आमच्यापर्यंत आली.
उत्तरेत जमीन फार, धूळ फार, निमित्तं उदंड.
आमच्या खाली नुसता समुद्र.
इथला ढग उणे वीसलाही पाणीच असतो,
उजळ, आलेलं ऊन परत पाठवणारा.
तिच्या चौकोनात तो केव्हाच बर्फ होऊन
गळून गेलेला असतो,
आणि त्या नसलेल्या ढगातून
नको तेवढं ऊन समुद्रात उतरतं,
वर्षानुवर्षं, फक्त हिशेबात.

मार्चमध्ये एकदा उणे आठलाच
अर्धी तबकडी पांढरी.
मी चूक शोधली. सापडली नाही.
उरलेलं पाणी उकळलं, पुन्हा थेंब सोडले:
उणे एकवीसपर्यंत काही नाही.
म्हणजे जे होतं ते सजीवाकडून आलेलं,
आचेने मोडणारं.
"त्या रात्री समुद्र चढला होता," एराल्दो म्हणाले,
"छपरावर शेवाळाचा वास होता."
नोंदवहीत वासाला रकाना नाही.
समासात लिहिलं.

हेड्डाने ओळ बदलली. सहा दिवस यंत्र चाललं.
ढग पाणी राहिले, आजचं ऊन जुळलं.
मला वाटलं, ती हसेल.
"पुढचं बघ," म्हणाली.
आधीच्या जगात ढगांत बर्फ होता,
ऊब वाढली की त्याचं पाणी व्हायचं,
ढग उजळायचे, तेवढीच सावली.
आता ते पाणी आधीपासूनच पाणी.
पुढे मिळणार म्हणून धरलेली ती सावली
शिलकीत नव्हतीच.
शतकाच्या टोकाशी आकडा वर सरकलेला.
किती, ते इथे लिहीत नाही,
एका यंत्राचं एक उत्तर आहे ते.
दोघी बराच वेळ पडद्यावर एकमेकींचं कपाळ बघत राहिलो.

आज उणे सव्वीस. पंचाण्णव पांढरे.
एराल्दो कोट घालून दारात.
"झालं?"
"एक राहिलाय."
ते वाकून बघतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात.
"मग थांबा की," म्हणतात. "त्याला कुठे घाई आहे?"
आणि दोराच्या दिशेने निघतात,
टोपी हाताने दाबून.